अमावास्येची तक्रार

पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांची मला किळस येते. ऑफिसात कुणी त्यांचं नवं पाकीट फोडलं की त्या डिंकाच्या वासानं घशाशी काहीतरी येतं. कागदाविषयी असं बोलणं मला शोभत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला टेबलखुर्चीची नोकरी मिळाली नव्हती, आणि जे मिळालं ते मी आजही दोन्ही हातांनी धरून आहे. तरी किळस येते हे खरं. ती कुठून आली ते एकदा सरळ लिहून काढायचं आहे.

मी निपाणीची. आई विड्या वळायची. वळलेल्या विड्या कारखान्यात घेऊन जायच्या, तिथला तपासणारा माणूस जुड्यांवरून हात फिरवायचा आणि नको त्या विड्या बाजूला फेकायचा. त्या फेकलेल्यांना छाट म्हणत. छाट का काढली हे तो सांगत नसे आणि आई विचारत नसे. घरी परतताना रस्त्यात ती माझ्याकडं न बघता म्हणायची, "तू ह्यात पडू नगंस." मी पडले नाही. मराठी शाळेत शिकले, दोन शिक्षकांनी सुट्टीतसुद्धा शिकवलं म्हणून इंजिनिअरिंगला बेळगावात आले. शनिवारी घरी जाताना संकेश्वरजवळ उसाच्या ट्रॅक्टरमागं बस अडकली की मी पुस्तक उघडायची. ऊस, धूळ आणि प्रोग्रामिंग ह्या तिन्हींची आठवण मला एकत्रच येते.

पहिली नोकरी मिळाली ती बेळगावातच, खासबागमधल्या एका छोट्या कंपनीत. कंपनीचे मालक, आमचे साहेब, चिकोडीकडच्या जैन व्यापारी घराण्यातले. घरी कन्नड, पेढीवर मराठी, अशा घरात वाढलेले. मुलाखतीत मी इंग्रजीत अडखळायला लागले तेव्हा त्यांनी पुढ्यातला कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "काय येतं ते मराठीत सांग. कोड तर इंग्रजीतच लिहिणार आहेस." मी सांगितलं आणि मला नोकरी मिळाली. पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना हे लक्षात असू द्या. मी ते विसरलेले नाही.

राहायला खोली मिळाली जवळच्या वडगावात, एका विणकराच्या घरी, माडीवर. खाली आप्पांचे दोन यंत्रमाग. आप्पा म्हणजे घरमालक, सत्तरीकडं झुकलेले, कानाला कमी ऐकू येणारे, जे त्या गल्लीत सगळ्यांनाच होतं. त्यांची मुलगी हायस्कुलात गणित शिकवायची. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. आठेक दिवस मागांच्या खडखडाटानं झोप लागली नाही. मग एक दिवस उलटं झालं. भर दुपारी सगळं शांत झालं आणि मी दचकून खाली आले. वाटलं, कुणी गेलं.

"अमावास्या हाय गं," आक्का म्हणाल्या. "आज माग बंद."

अमावास्येला तिथं सुताला हात लावत नाहीत. माग पुसायचा, तेल घालायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. मग दिवसभर पुरुष मोकळे. गल्लीतली माणसं आप्पांच्या कट्ट्यावर येऊन बसायची, बायका दारात. आणि आक्का रजा टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यांच्या मधोमध बसलेल्या असायच्या.

त्या लॅपटॉपवर काय होतं ते सांगायला हवं. साडीच्या काठाची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, एकेक चौकोन हातानं भरत. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि ते पुठ्ठे मागावर चढवतात. कुठलं सूत उचलायचं ते भोक सांगतं. चौकोन भरणारे जुने कारागीर गल्लीत फार उरले नव्हते. आक्कांनी कॉलेजात शिकलेल्या जुजबी प्रोग्रामिंगवर एक प्रोग्राम लिहिला होता. त्यात चौकोन संगणकावर भरता येत आणि पुठ्ठे पाडणाऱ्या दुकानदाराला लागेल तशी फाइल निघे. तो त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही घ्यावा, वापरावा, आतलं कोड बघावं, सुधारावं, सुधारलेलं परत पाठवावं. विकत काही नाही.

आणि लोक पाठवायचे. तमिळनाडूतला एक बँकेतला माणूस रविवारी बसून चुका दुरुस्त करून पाठवायचा. थंड देशातली कुणी एक बाई, जिच्याकडं स्वतःचा छोटा हातमाग होता, ती रंगांचं काम बघायची. आक्कांनी ह्यांतल्या कुणालाही पाहिलेलं नव्हतं.

ह्या सगळ्याचं वेळापत्रक होतं अमावास्या. त्या दिवशी कट्ट्यावर प्रोग्राम दाखवायचा, लोकांनी चुका सांगायच्या, आक्कांनी एकेक तक्रार प्रोग्रामच्या पानावर नोंदवायची. महिनाभर ज्याला जमेल त्यानं जमेल ते करायचं. पुढच्या अमावास्येला नवी आवृत्ती. तमिळ माणसाला हे एका वाक्यात समजलं. त्याच्या गावातही विणकर होते. थंड देशातल्या बाईनं भिंतीवर चंद्राचं कॅलेंडर लावलं आणि त्याचा फोटो पाठवला.

कट्ट्यावरच्या तक्रारी सगळ्याच खऱ्या नसत. एकदा आप्पांनी सगळ्या गल्लीदेखत सांगितलं, की संगणकानं त्यांचा काठ नासवला, कुयरीचं टोकच खाल्लं. आक्कांनी आठवडाभर कोड उलटंपालटं केलं. शेवटी कळलं, पुठ्ठ्याची कड उंदरानं कुरतडली होती. पुढं कितीतरी दिवस गल्लीत कुणाचं काही बिघडलं की विचारायचे, "कंप्युटर का उंदीर?" आप्पा ते ऐकू न आल्यासारखं करायचे. ते त्यांना सोपं होतं.

पण त्या थट्टेखाली एक गोष्ट होती आणि ती आक्कांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली होती. आप्पा अजून रोजच्या साड्या जुन्या पुठ्ठ्यांवरच विणत होते. प्रोग्रामवर काढलेले काठ हातभर कापडावर विणून बघायचे, तेवढंच. पूर्ण साडी त्यांनी एकदाही विणली नव्हती. गल्ली आप्पांकडं बघत होती. आप्पांनी एक साडी विणली आणि ती नीट उतरली तर बाकीचे येणार होते.

"आनि बिघडली तर?" मी विचारलं.

"बिघडली तर ह्या गल्लीत परत कोण कंप्युटरकडं बघणार न्हाय. माझ्याकडं बी न्हाय," आक्का म्हणाल्या.

मी संध्याकाळी त्यांना मदत करू लागले. हे साहेबांच्या कानावर गेलं. त्यांना एका परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायला असं काहीतरी हवंच होतं, की आमची कंपनी खुल्या प्रोग्रामांना हातभार लावते. ते स्वतः वडगावात आले, आप्पांच्या पाया पडले, चहा घेतला आणि म्हणाले, की माझ्यासकट दोन माणसं ह्या कामाला देतो, पानाची देखभाल आम्ही करू, आक्कांनी फक्त मार्ग दाखवावा. आक्का एकट्यानं ओढून थकल्या होत्या. त्यांनी होकार दिला, एकच अट घातली. ज्यानं तक्रार सांगितली, त्यानंच म्हणायचं मिटली म्हणून. तोवर ती बंद करायची नाही. साहेब म्हणाले, "त्यात काय, बरोबरच आहे." मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता, की मी आईला फोन करून सांगितलं, माझं ऑफिस आणि माझं घर आता एकच काम करणार.

पंधरवड्यानं कोच आला.

त्याला कोचच म्हणायचं, असं त्यानंच सांगितलं. पुण्याहून यायचा, वयानं माझ्याएवढाच, बोलायला गोड. कामाचं नियोजन कसं करावं हे शिकवणं हाच त्याचा धंदा. त्याची पद्धत मला नवी नव्हती आणि मला ती वाईटही वाटत नव्हती. मोठं काम लहान तुकड्यांत करायचं, दर पंधरवड्याला काहीतरी पुरं करून वापरणाऱ्याला दाखवायचं, तो काय म्हणतो ते ऐकायचं, पुढचं ठरवायचं. त्यानं पहिल्या दिवशी पडद्यावर हेच दाखवलं आणि माझ्या मनात आलं, की हे तर आप्पांच्या कट्ट्यावर चाललंय. मी तसं म्हणालेसुद्धा. तो हसला आणि म्हणाला, व्हेरी नाइस, पण आपल्याला जरा शिस्त आणावी लागेल.

शिस्त म्हणजे भिंतभर फळा आणि पिवळ्या चिठ्ठ्या. एकेका चिठ्ठीवर एकेक काम, कोपऱ्यात त्याचे गुण. काम किती अवघड त्यावर गुण, आणि पंधरवड्यात किती गुणांचं काम उरकलं तो संघाचा वेग. रोज सकाळी फळ्यासमोर उभं राहून प्रत्येकानं काल काय केलं ते सांगायचं. खुल्या प्रोग्रामवर फुकट राबणाऱ्यांनीही व्हिडिओवर यावं, असं त्यानं ठरवलं. तमिळ माणूस दोनदा आला. बँकेच्या काउंटरमागं उभा, मागं गिऱ्हाइकांची रांग, आवाज दाबून बोलत होता. तिसऱ्यांदा आला नाही. कोचनं त्याच्या नावापुढं गैरहजर लिहिलं.

अमावास्या हा शब्द फळ्यावरून पहिल्या आठवड्यातच गेला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. जरा ओशाळून म्हणाले, "बघ, मला काही वाटत नाही. पण गिऱ्हाइकाला कसं सांगायचं, आम्ही अमावास्येला माल देतो म्हणून? आपल्याच इथले लोक नव्या गाडीला त्या दिवशी किल्ली लावत नाहीत." मी म्हणाले, साहेब, त्या दिवशी माग बंद असतात, माणसं मोकळी असतात, म्हणून तो दिवस. ते म्हणाले, ते मला कळतं गं, पण फळ्यावर नको. मग नवी आवृत्ती दर दुसऱ्या शुक्रवारी ठरली. शुक्रवारी दुपारी वडगावात कुणाला हाक मारली तर ती मागाच्या आवाजात ऐकू येत नाही.

आता किळसेकडं येते.

थंड देशातल्या बाईला मूल झालं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कारण तिनं बाळाच्या पांघरुणाचा फोटो पाठवला होता. त्यावरची नक्षी तिनं आमच्या प्रोग्रामवर काढून स्वतःच्या मागावर विणली होती. आक्कांनी तो फोटो कट्ट्यावर फिरवला तेव्हा आप्पांनी चष्मा काढून डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "पोरगी बरी विणती." त्याच पंधरवड्याच्या शेवटी कोचनं ऑफिसात तक्ता लावला, कुणी किती गुणांचं काम केलं त्याचा. त्या बाईच्या नावापुढं शून्य, आणि शून्याला लाल रंग. कुणी फुकट दिलेल्या वस्तूचं वजन करायचं आणि ते कमी भरलं म्हणून देणाऱ्याच्या तोंडाला रंग फासायचा, हे मी तोवर कुठं पाहिलं नव्हतं. मी कोचला म्हणाले, हे काढा. तो म्हणाला, ह्यात वैयक्तिक काही नाही, हा डेटा आहे. त्याचा स्वर इतका गोड होता, की मला तोंड धुवावंसं वाटलं.

मग तमिळ माणसानं एक दुरुस्ती पाठवली. रविवारची बसून केलेली, नीट, चोख. कोचनं तिच्यावर शिक्का मारला, योजनेबाहेर. म्हणजे ह्या पंधरवड्याच्या चिठ्ठ्यांत ती नव्हती, म्हणून ती बघायची नाही. पुढच्या नियोजनात ती सगळ्यांत खाली गेली, त्याच्या पुढच्यात फळ्यावरून उतरली. त्या माणसानं दोन ओळी लिहिल्या. माझं काम तुमच्या वेळापत्रकात बसत नसेल तर हरकत नाही, प्रोग्रामला शुभेच्छा. परत तो आला नाही. ती चिठ्ठी टोपलीत पडलेली मी पाहिली आणि माझ्या जिभेवर तंबाखूची धूळ आली, तीच, कारखान्याच्या ओट्यावरची. आईच्या विड्या निदान मोजायला तरी घेत होते.

असं असूनही मी रोज सकाळी फळ्यासमोर उभी राहत होते. सांगते का. पगार तिथला होता, उपकार तिथले होते, आणि मला वाटत होतं, आक्कांची ती एक अट अजून शाबूत आहे.

ती मोडली ती अशी.

आप्पांनी एकदा हातभराच्या जागी तीन हात विणून बघितलं आणि अमावास्येला कट्ट्यावर नवीन तक्रार सांगितली. लांब कापड विणलं की नक्षी जिथं संपून पुन्हा सुरू होते, त्या जोडावर एक सूत जास्तीचं उचललं जातं. हातभर तुकड्यावर दिसत नाही. दोन हात विणल्यावर काठात आडवी बारीक रेघ दिसते. कुणीतरी मागून विचारलं, "आप्पा, कंप्युटर का उंदीर?" आप्पा म्हणाले, "उंदीर न्हाय ह्या खेपेला. पुठ्ठं मी दोनदा बघितल्यात." आक्कांनी तक्रार नोंदवली, आप्पांच्या नावानं. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती चिठ्ठीवर उतरवली.

कोचनं त्या तक्रारीखाली नियमाप्रमाणं प्रश्न लिहिले. कुठली आवृत्ती, कुठला संगणक, स्क्रीनचा फोटो जोडावा. प्रश्न इंग्रजीत. आक्कांच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, आणि आप्पा त्यांच्या कामाला लागले होते. कट्ट्याची रीत अशी होती, की प्रश्नाचं उत्तर पुढच्या अमावास्येला मिळतं, समोरासमोर, कापड हातात धरून. पण ऑफिसात एक आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम कोचनं बसवला होता. आम्ही त्याला झाडू म्हणायचो. पंधरा दिवस उत्तर आलं नाही की झाडू ती तक्रार बंद करायचा आणि खाली लिहायचा, प्रतिसाद नसल्यामुळे मिटवण्यात आली आहे, धन्यवाद.

पंधरा दिवसांचा झाडू आणि महिन्यानं बोलणारी माणसं. वडगावची एकही तक्रार ह्यात जगणं शक्य नव्हतं. कुणी दुष्टपणानं केलं असतं तर मला कमी शिसारी आली असती. कुणी विचारच केला नव्हता.

आप्पांची तक्रार बंद झालेली दिसली तेव्हा मी ती पुन्हा उघडली. उत्तराची जागा रिकामीच, म्हणून झाडूनं त्याच रात्री पुन्हा बंद केली. मी पुन्हा उघडली. तेव्हा कोचनं तक्रारी उघडण्याचा माझा अधिकारच काढून घेतला आणि समजावून सांगितलं, की मध्येच काम वाढवलं की संघाचा वेग पडतो. मी साहेबांकडं गेले, आक्कांच्या अटीची आठवण करून दिली. ते म्हणाले, बघतो, पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक येऊन गेलं की नक्की बघतो. आक्कांना मी जिन्यात गाठून सांगितलं. त्या तपासायच्या पेपरांचा गठ्ठा काखेत घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुझ्या साहेबांनी माझ्यासमोर शब्द दिलाय. ते बघतील."

गिऱ्हाईक आलं. तक्त्यावर उरलेल्या तक्रारींची रेघ उतरत उतरत तळाला टेकली होती. साहेबांनी केक मागवला. पांढऱ्या क्रीमवर कोचनं ती उतरती रेघसुद्धा काढून आणली होती, चॉकलेटनं. टाळ्या झाल्या, फोटो झाला. माझ्या हातात कुणीतरी एक तुकडा दिला. त्यात रेघेचं टोक आलं होतं. मी तो कागदी ताटलीसकट खिडकीत ठेवला आणि त्याच्यावर मुंग्या चढेपर्यंत तिथं उभी राहिले.

इकडं वडगावात आप्पांनी मनावर घेतलं होतं. पानावर तक्रार मिटली असं दिसतंय, हे शेजारच्या मुलानं त्यांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी त्याचा साधा अर्थ घेतला, की दुरुस्त झालं. त्यांच्या जगात सांगणाऱ्याला विचारल्याशिवाय कुणी मिटलं म्हणत नाही. ते आक्कांना न सांगता दुकानात गेले, नव्या आवृत्तीतून पुठ्ठे पाडून आणले आणि आम्ही दोघी कामावर गेल्यावर पूर्ण साडी लावली, संध्याकाळी वर फडकं टाकत. लेकीला अमावास्येला दाखवायची होती, सगळ्यांच्या समोर.

मी त्या दिवशी रजा घेतली होती. माग बंद, कट्टा भरलेला. आप्पांनी घडी आणली, दोघांनी टोकं धरून साडी उलगडली. जांभळं अंग, मोहरीच्या रंगाचा काठ. पहिले दोन हात फार सुरेख होते. मग रेघ. पुढं आणखी एक. जिथं जिथं नक्षी पुन्हा सुरू होत होती तिथं तिथं, पदरापर्यंत.

 मग पलीकडच्या घरातला एक विणकर, आप्पांच्याच वयाचा, काठावर बोट ठेवून म्हणाला, "कंप्युटरनं सही केलीया बघ. जागोजाग." हसू फुटलं. आप्पाही थोडे हसले. मग त्यांनी साडी परत घडी केली, फार सावकाश, रेघा आत जातील अशी, आणि आत नेऊन ठेवली. बाहेर येऊन कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, "इरली बिडु." असू दे, सोड. ते कुणाला म्हणाले, कळलं नाही. आक्का लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. त्यांनी तो मिटला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या पंधरवड्याचा आढावा होता. काय चांगलं झालं, काय नाही, हे प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून फळ्याला लावायचं. मी साहेबांना आधीच झालेलं सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी आक्कांना बोलावून घेतलं. आक्का शाळेतून तशाच आल्या, हाताला खडू लागलेला. कोचनं त्यांना हसून पिवळी चिठ्ठी आणि पेन दिलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"माझ्या वडलांनी तक्रार सांगितली होती. ती कुणी बंद केली?"

कोच म्हणाला, सिस्टिमनं. युजरकडून मुदतीत उत्तर आलं नाही.

"युजर सत्तर वर्षांचा आहे आणि तुमच्यापासून चालत अर्ध्या तासावर राहतो," आक्का म्हणाल्या. "पुण्याहून येताय, वडगावात आला असता तर चहा तरी मिळाला असता."

 कोच पुढं सांगत होता, की हे फार मोलाचं आहे, ह्यातून आपण शिकू, पुढच्या पंधरवड्यात ही चिठ्ठी सगळ्यांत वर घेऊ. त्यानं खरंच एक चिठ्ठी लिहिली आणि सगळ्यांत वर चिकटवली. आक्कांनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्या साहेबांकडं वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, की प्रोग्राम खुला आहे, तो न्यायला कुणाची परवानगी लागत नाही; त्यांनी त्याची प्रत सकाळीच दुसऱ्या पानावर नेली आहे; ह्या पानाचं कंपनीनं काय करायचं ते कंपनीनं बघावं.

साहेबांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "आक्का, माझा हेतू चांगला होता."

"ठाऊक आहे," आक्का म्हणाल्या. "पण तुम्ही एक शब्द दिला होता. एकच."

त्या गेल्यावर साहेबांनी कोचला सांगितलं, आज एवढंच पुरे. मला म्हणाले, अमावास्येला तुझी रजा लागणार, मी विचारणार नाही कुठं जातेस. ते तेव्हाही माझ्याशी चांगलेच वागले. म्हणूनच तर मला ते सगळं जास्त घाण वाटत होतं. चांगल्या माणसाच्या छताखाली, चांगल्या शब्दांत, टाळ्या वाजवत झालेलं.

नव्या पानावर आक्कांनी पहिली तक्रार आप्पांचीच लिहिली, रेघेची. मी तमिळ माणसाला पत्र लिहिलं, जे घडलं ते सगळं, काही न लपवता. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. पुढची अमावास्या कधी? खरं तर त्याला ती माहीत असणारच. टोपलीत गेलेल्या त्याच्या दुरुस्तीत जोडाचाच भाग होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिच्यावर आक्कांनी आणि मी थोडं काम केलं आणि रेघ गेली. संगणकावर तरी गेली.

मागाचं आप्पांच्या हातात होतं, आणि आप्पा तिकडं बघत नव्हते. एक अमावास्या तशीच गेली. कट्ट्यावर नेहमीसारखी माणसं बसली, आक्कांनी लॅपटॉप उघडला नाही, ऊस आणि निवडणुकीवर गप्पा झाल्या. त्यानंतर कधीतरी मी ऑफिसातून आले तेव्हा मागावर तोच मोहरी काठ होता.  आक्कांनी मला डोळ्यांनीच वर जायला सांगितलं.

पुढच्या अमावास्येला आप्पांनी साडी उलगडली. ह्या खेपेला अंग हिरवं होतं. आम्ही सगळे काठावर वाकलो. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्यानं सगळा काठ नखानं चाचपून पाहिला, पदरापर्यंत, आणि नखाला कुठं रेघ लागली नाही तेव्हा सरकून बसला. आक्कांनी लॅपटॉप आप्पांपुढं धरला, त्यांची तक्रार उघडून.

"आप्पा, मिटली म्हणू?"

आप्पांनी बराच वेळ काठ उन्हात धरला. मग म्हणाले, "एक साडी उतरली म्हंजे काय झालं? आनि एक लावतो. मग बघू."

पलीकडच्या घरातला म्हातारा म्हणाला, "त्यो लावणार आसंल तर मी बी लावतो. माझ्याबी काठाचं बघा की."

आक्कांनी त्यांच्या काठाचं लिहून घेतलं.

मी अजून त्याच कंपनीत आहे. कोचचं काम संपलं, तो गेला, फळा राहिला. सकाळी उभं राहून मी काल काय केलं ते सांगते आणि ते खरं सांगते. भिंतीवर तो उतरत्या रेघेचा तक्ता अजून आहे, गिऱ्हाइकांना दाखवायला. त्यात आप्पांची तक्रार मिटलेल्यांत धरलेली आहे, हिरव्या रंगात. तिच्याकडं पाहिलं की अजून तोंडात ती धूळ येते आणि मी पाणी पिऊन येते.

वडगावच्या पानावर ती तक्रार उघडी आहे. आप्पांची तिसरी साडी मागावर आहे, आणि ते अजून बघतो म्हणतात.